पांढरीचा कोट आणि आमचा खड्डा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कसबा पेठेत ज्या वाड्यात माझा जन्म झाला, तो वाडा आता नाही. सात बिऱ्हाडं होती. पाच हिंदूंची, दोन आमची. अंगणात एक नळ, मागे परसात आड. २००७ च्या उन्हाळ्यात वाडा पाडला आणि नव्या इमारतीच्या तळघरासाठी खड्डा घेतला. आम्ही तोवर दुसरीकडे राहायला गेलो होतो, पण अब्बांना राहवेना. संध्याकाळी ते मला म्हणाले, "चल, बघून येऊ." आम्ही दोघं पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून आत गेलो. पंधराएक फूट खोल खड्डा. त्याच्या उभ्या कडेवर मावळतीचं ऊन पडलं होतं आणि मातीचे थर एकावर एक असे दिसत होते, जशी एखाद्याने जुन्या वह्यांची चळत उभी चिरावी.

सर्वांत वर विटांचा चुरा आणि चुना. त्याखाली हातभर पांढुरकी माती. मध्येच एक बारीक, राखाडी, गुळगुळीत पट्टा होता, चार बोटांचा. अब्बांनी काठी त्यावर टेकवली आणि म्हणाले, "ये देख. पानशेत."

१२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. अब्बा तेव्हा विशीतले. पाणी ओसरल्यावर परसातला गाळ काढायला ते आणि शेजारचे काका आठवडाभर खपले होते. सगळा गाळ निघाला नव्हता तर. शेहेचाळीस वर्षांनी तो त्यांनी ओळखला. एकही पुस्तक न वाचता माझ्या वडिलांनी मातीतली एक ओळ वाचली.

त्या ओळीच्या खूप खाली, खड्ड्याच्या एका कोपऱ्यात, आणखी एक गोष्ट होती. काळपट मातीचा रुंद पट्टा. वरचे पट्टे आडवे आणि सरळ. हा मात्र तिरका खाली उतरत गेलेला, जणू कोणी पूर्वी तिथे चर खणला आणि तो नंतर हळूहळू गाळाने भरला. हे काय असेल, असं मी विचारलं. अब्बांना ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. बी.ए.ला मला इतिहास होता, पण त्या इतिहासात पानिपत होतं, प्लासी होती. आपल्या घराखाली काय आहे हा धडा नव्हता.

त्या पट्ट्याविषयी आज बोलायचं आहे.

पुण्याचा जुना कोट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेला असतो, पाहिलेला कोणीच नसतो. शनिवारवाड्याचा नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचा. जुन्या गॅझेटिअरात आणि पुण्याच्या इतिहासावरच्या पुस्तकांत त्याची हकिकत येते: बऱ्या नावाच्या एका अरब सरदाराने आजच्या कसब्याभोवती मातीची तटबंदी घातली. त्याला कोणी पांढरीचा कोट म्हणे, कोणी किल्ले हिसार. काही ठिकाणी साल १२९० दिलेलं असतं. ते जुळत नाही. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची पहिली स्वारीच १२९६ ची. तेव्हा दिल्लीचा कोणी अंमलदार इथे कोट बांधणार तो त्यानंतर, आणि बहुधा बराच नंतर. पण कोट होता, याची साक्ष आजही बोर्डांवर लिहिलेली आहे. कुंभारवेस म्हणून चौक आहे. वेस आहे म्हणजे कधीतरी भिंत होती. भिंत गेली आणि दरवाजा शब्दात उरला.

शब्द हा माझा धंदा, म्हणून थोडं थांबतो. कसबा अरबी. हिसार अरबी, वेढा किंवा वेढून घेतलेली जागा. कोट संस्कृतातून आलेला. आणि पांढरी तर आपल्या खेड्यातली. गावाची जमीन दोन रंगांची: काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे वस्ती. मातीच्या भिंती पडतात, त्यावर पुन्हा भिंती उठतात, चुलीतली राख, शेण, चुना, हाडं हे सगळं मुरत जातं आणि शेकडो वर्षांनी तिथली मातीच पांढुरकी होते. मराठवाड्यात आणि विदर्भात देशमुखांच्या, पाटलांच्या ज्या पडक्या गढ्या दिसतात, त्या अशाच पांढरीच्या टेकाडावर असतात. लोक ती माती धाब्याच्या छपरावर घालायला नेतात, शेतात खत म्हणून टाकतात, आणि गढी दरवर्षी थोडी थोडी शेतात विरघळते. आता ही नावं शेजारी ठेवून पाहा. ज्याने भिंत बांधली त्याने तिला हिसार म्हटलं. ज्यांच्या वस्तीभोवती बांधली त्यांनी पांढरी म्हटलं. दोन्ही नावं टिकली. कोणी कोणाचं नाव खोडलं नाही.

आणि खंदक? हा शब्द फारसीतून अरबीत जाऊन आपल्याकडे आला. आमच्या घरात तो लहानपणीच कानावर पडायचा, कारण इ.स. ६२७ मध्ये मदिनेभोवती खणलेल्या खंदकाची गोष्ट. सलमान फारसी या इराणी सोबत्याने ती युक्ती सुचवली. अरबांना तोवर ती ठाऊक नव्हती. गंमत अशी की फारसीतला 'कंदन' म्हणजे खणणे आणि आपल्या संस्कृतातला 'खन्' हे मुळात एकाच घरातले. म्हणजे खंदक हा शब्द परदेशाची वारी करून आलेला आपल्या खणण्याचा लांबचा भाऊच.

इंग्रजीत खंदकाला मोट म्हणतात. आपली मोट विहिरीतून पाणी काढते, त्यांची मोट घराभोवती पाणी साठवते. इंग्लंडात अशी खंदकाने वेढलेली जमीनदारांची घरं सुमारे सहा हजार ठिकाणी नोंदली गेली आहेत, आणि त्यांतली बरीचशी १२५० ते १३५० या शंभर वर्षांतली. साधारण आपल्या कोटाच्याच काळातली. तिथल्या अभ्यासकांचं म्हणणं असं की यातले बहुतेक खंदक शत्रूसाठी नव्हतेच. ऐपत दाखवायला होते, पाण्याचा निचरा व्हायला होते, मासे पाळायला होते. शेजाऱ्याने खणला म्हणून आपणही खणायचा, हेही असणारच. माणूस सगळीकडे सारखा.

आपल्याकडचा खरा लढाऊ खंदक बघायचा असेल तर पुण्याहून तीसेक किलोमीटरवर चाकणला जावं. कारखान्यांच्या गर्दीत संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे, पडका. तट ढासळलेला, खंदकात झुडपं. पण खंदक आहे, डोळ्यांना दिसतो. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानाने त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने तो लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा किल्ला पडला. तोच खान पुण्यात मात्र सहज येऊन लाल महालात राहिला. कारण पुण्याचा कोट तीस वर्षांपूर्वीच गेला होता. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं, कोट पाडला, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकून त्यावर फाटकी वहाण टांगली, असं सांगतात. वस्ती पुन्हा उठू नये म्हणून. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत जिजाबाई आणि बाल शिवाजी आले, दादोजी कोंडदेवांनी वस्ती बसवली, सोन्याचा फाळ लावून नांगर फिरवला. ही गोष्ट प्रत्येक पुणेकर मुलाला पाठ असते. त्या नांगराच्या फाळाखाली काय होतं, हे कोणी विचारत नाही.

ते विचारायचं काम पुरातत्त्वाचं. डेक्कन कॉलेजची पुरातत्त्वाची शाखा आपल्याच गावात. १९३९ पासून तिथे सांकलियांनी एक अख्खी पिढी घडवली. याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं उत्खनन चाललं. सांकलिया, ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या खेड्यात शंभरावर घरं सापडली, पाच खोल्यांचं एक मोठं घर सापडलं, आणि त्याच्याजवळ धान्याचं कोठार. ते गावच्या प्रमुखाचं असावं असं त्यांनी मानलं. वस्तीला तट होता आणि खंदकही होता. म्हणजे तट, खंदक आणि आत मुखियाचं घर ही कल्पना आपल्या जिल्ह्यात अरबांची नाही, तुर्कांची नाही, यादवांचीही नाही. ती त्या सगळ्यांच्या आधीची आहे.

भरून गेलेला खंदक ओळखतात कसा, तर मातीवरूनच. एकदा खणलेली जमीन पुन्हा पूर्वीसारखी कधी होत नाही. चरात साचलेला गाळ बारीक असतो, ओला राहिलेला असतो, त्याचा रंग शेजारच्या मातीहून वेगळा पडतो. उभ्या छेदात तो वाडग्यासारखा दिसतो. त्या वाडग्यातली खापरं सांगतात तो कधी भरला. तळाची खापरं सांगतात तो कधी खणला असेल. साधं शास्त्र आहे. मात्र छेद बघायला मिळाला पाहिजे.

आणि कसब्यात छेद बघायला मिळतो तो फक्त एकाच वेळी: जुना वाडा पाडून नवा पाया खणतात तेव्हा. २००४ ते २००६ या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी हेच ओळखून पुण्यातल्या अशा खड्ड्यांचा अभ्यास केला. प्रमोद जोगळेकर, सुषमा देव, आरती देशपांडे-मुखर्जी, राजगुरू, आणि इतिहासाच्या बाजूने पांडुरंग बलकवडे. याला ते बचाव पुरातत्त्व म्हणतात. म्हणजे ठरवून, दोऱ्या बांधून, महिनोन्महिने केलेलं उत्खनन नव्हे. दुसऱ्याने दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या खड्ड्यात जे दिसतं ते बुजण्याआधी टिपून घेणं. या खड्ड्यांनी पुण्याच्या वस्तीचा माग थेट सातवाहनांच्या काळापर्यंत नेला. राष्ट्रकूटांच्या आठव्या शतकातल्या ताम्रपटात 'पुणक' हा प्रदेश येतो, पाताळेश्वरही साधारण तेव्हाचा. तिथून पुण्याचा इतिहास सुरू करायची आपली सवय होती. मातीने तो आणखी काही शतकं मागे ढकलला.

त्यांचा लेख मी खूप उशिरा वाचला. वाचताना पहिला विचार आला तो आमच्या खड्ड्याचा. एका वर्षाने चुकलो! आमचं खणकाम चार रात्रींत उरकलं होतं. रात्रीच, कारण दिवसा पेठेत डंपर शिरत नाही. संबंधितांनी कोणाला कळवलं नाही, आणि कळवायलाच हवं असा नियमही त्यांच्यावर नव्हता. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत २०१० च्या दुरुस्तीने बांधकामाला बंदी आली, त्यापुढे दोनशे मीटरवर परवानगी लागते. त्या नियमापायी किती वाडे दुरुस्तीवाचून अडले, ही कसब्यातली वेगळीच रडकथा आहे. पण नियम बघतो तो उभ्या वास्तूचा. जमिनीखालच्या पांढरीला त्यात जागा नाही. इंग्लंडात १९९० पासून बांधकामाच्या परवानगीचा विचार करतानाच खाली काही आहे का ते पाहतात आणि बहुतेक वेळा तपासणीचा खर्च बांधणाऱ्याकडून घेतात. आपल्याकडे १८७८ चा एक कायदा आहे, गुप्तधनाचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. त्याचा परिणाम असा की मजुराला जुनं नाणं दिसलं तर तो ते कनवटीला लावतो आणि तोंड मिटतो. खापराला तर किंमतच नाही.

मागे एका जाणकार स्नेह्याला मी तो काळपट पट्टा सांगितला. पुरातत्त्वातला माणूस. त्याने तीनच प्रश्न विचारले. वरपासून किती खोल? कोणत्या दिशेने उतरत होता? त्याच्या तळाशी काय होतं? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्या रात्री घरी येऊन मी वहीत लिहिलं होतं, पण काय लिहिलं होतं? ऊन, सावली, आईच्या हातची चूल. त्यातून एक कविताही झाली, छापून आली, तिला कोणीतरी बरं म्हटलं. फूटपट्टी लावून एक आकडा लिहिला असता तर त्या कवितेहून अधिक कामाला आला असता.

स्नेही म्हणाला, "खंदक असू शकेल. जुना ओढा असू शकेल. नुसता कचऱ्याचा खड्डाही असू शकेल." नकाशा काढून त्याने दाखवलं. जुन्या पुण्याला उत्तरेला मुठा, पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबील ओढा. दारुवाला पुलावरून जाताना आज नागझरीकडे आपण नाकाला रुमाल लावून बघतो, पण एके काळी ती गावाची पूर्वेची हद्द होती. आंबील ओढा आजच्या पेठांमधूनच वाहत मुठेला मिळायचा; पेशवाईत नानासाहेबांनी तो पर्वतीच्या बाजूला अडवून वळवला, तेव्हा आजचे रस्ते मोकळे झाले. म्हणजे तीन बाजूंना पाणी आयतंच होतं. कोणाला खंदक खणायचाच असता तर दक्षिणेला. आमचा बोळ तर नदीकडे उतरणारा. "मग ओढाच धर," तो म्हणाला, आणि मी थोडा हिरमुसलो. हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मला तो खंदक असायला हवा होता.

आपल्याला जे हवं ते मातीतून निघावं, ही ओढ आमच्या खड्ड्याच्या कडेलाही होती. तिसऱ्या दिवशी तिथे दहा-पंधरा माणसं जमली. एक जण म्हणाला, देऊळ निघणार. आमच्यातला एक म्हणाला, मजार निघेल. दोघे एकमेकांना लहानपणापासून ओळखणारे, एकाच नळावर पाणी भरलेले. दोघेही खाली टक लावून बघत होते आणि दोघांच्याही आवाजात एक नवीनच धार होती.

इथे एक वाक्य गाळून पुढे जाणं मला सोपं होतं. ते गाळत नाही. ज्या गॅझेटिअरात कोटाची हकिकत आहे, त्यातच असंही लिहिलं आहे की पुण्येश्वर आणि नारायणेश्वर ही देवळं होती आणि त्यांच्या जागी दोन शेख सल्ल्यांचे दर्गे झाले. मी त्या दर्ग्यांत लहानपणापासून जातो. उरूसाचा मलिदा मी खाल्ला आहे आणि तो आमच्या वाड्यातल्या पाचही हिंदू घरांत पोचवलाही आहे. अलीकडच्या वर्षांत त्यावरून वाद पेटला, कसब्यात पोलीस उभे राहिले. गॅझेटिअरातली ओळ मी नाकारत नाही. मध्ययुगात सत्ता बदलली की देवळं पडत, हे मुसलमान घरात जन्मलो म्हणून मला कमी कळतं असं नाही. माझा आक्षेप वाचण्याच्या रीतीला आहे. पंधरा फुटांच्या थरांतून एकच थर उचलायचा, तोही आधी निकाल लिहून, आणि उरलेली चौदा फूट माती डंपरमध्ये भरायची. त्या चौदा फुटांत सातवाहनांच्या काळात इथे चूल पेटवणारी बाई असते, मुरार जगदेवाच्या आगीची राख असते, कुंभारवाड्याची खापरं असतात, पानशेतचा गाळ असतो. तिच्या वतीने, त्यांच्या वतीने कोणी घोषणा देत नाही.

आमच्या खड्ड्यातून देऊळ निघालं नाही, मजारही निघाली नाही. खापरं निघाली, ढिगाने. गुरांची हाडं, भाजक्या विटा, काचेच्या बांगडीचा हिरवा तुकडा. बघ्यांची गर्दी अर्ध्या तासात पांगली.

कसब्यात, शनिवारात, बुधवारात अजून जुने वाडे उभे आहेत आणि पडतही आहेत. ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या दारात असा खड्डा झाला, तर एक करता येईल. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. उजेडात, कडेला मोजपट्टी किंवा निदान एक छत्री उभी धरून, थरांचा फोटो काढावा. घर नंबर, तारीख आणि उत्तर कुठल्या बाजूला ते लिहावं. आत उतरू नये, कड ढासळते. फोटो डेक्कन कॉलेजला पाठवावा. देऊळ की दर्गा हे लिहू नये. विचारलं नसताना उत्तर देऊ नये, असं आमचे शाळेतले गुरुजी म्हणायचे.

चौथ्या रात्री अब्बा मला न सांगता एकटेच गेले होते. शेवटचा डंपर निघत होता. त्यांनी ड्रायव्हरला थांबवून विचारलं, "कुठं टाकता हो ही माती?"

"भरावाला, चाचा," तो म्हणाला. "हडपसरकडे एक खाण आहे जुनी, ती बुजवायची आहे."

अब्बांनी परत येऊन मला तेवढंच सांगितलं, आणि रुमालात बांधून आणलेली मूठभर माती तुळशीच्या रिकाम्या कुंडीत टाकली. ती कुंडी शेजारच्या काकूंनी वाडा सोडताना आमच्याकडे ठेवली होती.